कुशीवरचे पांढरे कडे

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिगुल आहे. संग्रहालयातल्या एका काचेच्या कपाटात, खालच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात मला ठेवले आहे. वरच्या फळीवर अगदी मधोमध एका काळ्या बोकडाचा फोटो आहे. तुम्ही मुले येता, काचेला नाक लावता आणि ओरडता, “अय्या, बोकडाला टोपी घातलीय बघ!” मग पुढच्या कपाटाकडे पळता. इथे झाडणाऱ्या मावशी फोटोची काच रोज पुसतात. माझ्यावरून फडके फिरते ते आठवण झाली तर. मला त्या बोकडाचा हेवा वाटतो. इतकी वर्षे झाली तरी वाटतो. तुमच्यापासून लपवून काय करू?

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या तांबटाच्या दुकानात झाला. त्याने पत्र्याची नळी केली, वाकवताना ती चेपू नये म्हणून आत शिसे ओतले, आणि मला दोन वेढे दिले. शिसे काढून टाकल्यावर त्याने एकदाच फुंकर मारली आणि बायकोला हाक मारून म्हणाला, “ऐकलंस का? याला गळा आहे.” त्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षे फुशारकी मारली.

मग मी फौजेत गेलो. युद्ध सुरू झाले तेव्हा आमची तुकडी एका उंच, बर्फाळ डोंगरधारेवरच्या चौकीत होती. मला वाजवणारा उंच, किडकिडीत तरुण होता. सगळे त्याला बिगुलवाला म्हणत. तो मला “गड्या” म्हणायचा. थंडीत बिगुलाची एक रीत असते. फुंकताना श्वासाचे पाणी नळीत साचते. ते प्रत्येक वेळी उलटे धरून झटकून काढावे लागते, नाहीतर आत गोठते. म्हणून बिगुलवाला मला झटकायचा, आईच्या जुन्या शालीच्या तुकड्याने पुसायचा आणि ओव्हरकोटाच्या आत छातीशी धरून झोपायचा. मित्रांनो, त्या कोटाच्या आत मला त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येत. त्याहून जास्त मला काही नको होते.

आणि मग ते आले.

आमचा आचारी खालच्या ओसाड वस्तीतून एक करडू घेऊन आला. काळेकुट्ट, लटपटत्या पायांचे, जेमतेम चार दिवसांचे असेल.

“आज पोटभर जेवा रे,” आचारी सुरी पुसत म्हणाला.

“काका, त्याच्या अंगावर एका माणसाचा घासभरही नाही,” बिगुलवाला म्हणाला. “थोडं वाढू द्या तरी.”

“वाढवणार कोण? तू पाजणार दूध?”

“पाजेन की.”

सगळे हसले. मी हसलो नाही. खरे सांगतो, मी मनातल्या मनात आचाऱ्याच्या बाजूने होतो.

त्या रात्री कोटाच्या आत करडू गेले आणि मी दाराजवळच्या खिळ्यावर लटकलो. दुसऱ्या दिवशी शालीचा तुकडा त्याच्या गळ्यात बांधला गेला. तिसऱ्या दिवशी बिगुलवाल्याने त्याला “गड्या” म्हटले. माझा शब्द, माझी शाल, माझी जागा!

आठवड्याभरात सगळी चौकी त्याच्या मागे वेडी झाली. आमच्या अधिकाऱ्याला सगळे मोठे साहेब म्हणत, म्हणून करडाचे नाव पडले छोटे साहेब. हवालदार म्हणजे कडक माणूस; पण तोही सकाळच्या हजेरीत शेवटी पुकारायचा, “छोटे साहेब!” आणि करडू “बें” करायचे. एकदा त्याने हवालदाराच्या टोपीची कड चघळून टाकली. मला वाटले, आता तरी याची रवानगी होईल. हवालदाराने टोपीकडे पाहिले, करडाकडे पाहिले आणि ती टोपी त्याच्याच डोक्यावर ठेवली. “घ्या साहेब, आता तुम्हीच घाला.” मी मात्र चुकून एक सूर हलका लावला, तर “गंजला वाटतं!” म्हणून टोमणा ऐकला.

एके दिवशी चौकीतले सरपण संपत आले. सकाळी आचारी आठ जणांना घेऊन खालच्या ठाण्यावर लाकूड आणि शिधा आणायला निघाला. मी त्यांच्यासाठी निरोपाचा सूर काढला. एवढ्यात करडू थरथरू लागले. बिगुलवाल्याने घाईघाईने त्याला कोटात घेतले आणि मला तसेच खिळ्यावर टांगले. न झटकता, न पुसता.

मला कळत होते. नळीत पाणी होते, ते घट्ट होत चालले होते. आणि मित्रांनो, मला बरे वाटले. कळू दे एकदा, असे वाटले.

भर दुपारी धुके आले. इतके दाट, की दारातून समोरचा दगड दिसेना. परतीच्या वाटेच्या एका अंगाला कडा होता आणि दुसऱ्या अंगाचा उतार थेट शत्रूकडे जात होता. अशा वेळी थोड्या थोड्या वेळाने बिगुल वाजवायचा आणि वाटेवरच्यांनी आवाजाच्या रोखाने चढायचे, असा शिरस्ता होता.

“वाजव!” हवालदार म्हणाला.

बिगुलवाल्याने मला ओठांना लावले. काही नाही. पुन्हा फुंकले. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आले. माझ्या गळ्यातून हूं की चूं निघेना.

“अरे, काय झालं?”

“हवालदार, बर्फ धरलंय आत. मी... मी झटकला नाही सकाळी.”

“चुलीवर धर.”

“चूल विझलीय. त्यासाठीच तर गेलेत ते.”

हवालदाराचा चेहरा पांढरा पडला. तो दारात जाऊन ओरडू लागला, पण वारा त्याचा आवाज तोंडातूनच ओढून नेत होता. खाली नऊ माणसे होती. आता मला बरे वाटत नव्हते. मला ओरडायचे होते आणि ओरडता येत नव्हते.

बिगुलवाल्याने मला शर्टात घातले. पण भीतीने तोच गारठला होता. मग त्याने कोट उघडला. आत करडू होते, सकाळपासून निजून भाकरीसारखे ऊबदार झालेले. त्याने मला त्याच्या उघड्या कुशीवर टेकवले आणि दोघांवरून कोट ओढून घेतला.

मी बर्फासारखा होतो. ते करडू झटका देऊन पळेल असे मला वाटले. मी असतो तर पळालो असतो. ते एकदाच कळवळून ओरडले, मग बिगुलवाल्याच्या काखेत तोंड खुपसून निपचित राहिले. त्याची ऊब माझ्या वेढ्यावेढ्यातून उतरू लागली. आत काहीतरी तडकले. टप्... टप्... पाणी सुटले.

बिगुलवाल्याने मला ओढले तेव्हा माझ्या पसरट तोंडाच्या कडेला चिकटून काळे केस निघाले. त्याने मला झटकले आणि फुंकले. तसा मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो.

नऊच्या नऊ जण आले. आचारी सगळ्यांत शेवटी, पाठीवर लाकडाची मोळी घेऊन. हकिगत कळल्यावर त्याने सुरी पेटीत टाकली. “आता याच्याकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं, तर गाठ माझ्याशी आहे!” सगळे करडाभोवती जमले. माझ्याकडे एकानेही पाहिले नाही. पण त्या रात्री कोटाच्या आत आम्ही दोघे होतो. जरा चेंगराचेंगरी झाली, एवढेच.

युद्ध संपले. छोटे साहेब मोठे झाले, टोपी घालून फोटो काढून घेतला, म्हातारे होऊन गेले. मी या कपाटात आलो. मागे एकदा काठी टेकत एक आजोबा नातीला घेऊन आले. त्यांनी मावशींना विनंती करून कपाट उघडायला लावले. मला वाटले, आधी फोटोला हात लावतील. त्यांनी मला उचलले, उलटे धरले आणि झटकले.

“आजोबा, काय करताय?”

“पाणी काढतोय.”

“त्यात कुठलं आलंय पाणी?”

“त्या दिवशीही मला असंच वाटलं होतं गं.”

मित्रांनो, घरात नवे कोणी आले, तर त्याला जरूर जवळ घ्या. पण म्हणून जुन्याला खिळ्यावर विसरू नका. आणि तुम्हीच जुने असाल, तर माझ्यासारखे आतल्या आत गोठू नका.

पुढच्या वेळी याल तेव्हा तो फोटो नीट पाहा. बोकडाच्या काळ्या कुशीवर एक पांढरे कडे आहे. तिथले केस पुन्हा आले ते पांढरेच आले. लोक म्हणतात, जन्माची खूण असेल. तुम्ही थोडे वाका, खालच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात पाहा. ते कडे माझ्या तोंडाच्या मापाचे आहे.