मागच्या सीटवर लावण्या

मी गुरुराजांची व्हॅन बोलतेय. माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण मला वाढवलं ते तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीनं. गुरुराज कॉलेजात शिकवतात, नागलक्ष्मी बँकेत जाते. दोघांना पाहुण्यांची भारी हौस. कोणी आलं की मला धुवायचं, आरशाला फुलं बांधायची आणि गाव दाखवायला निघायचं.

यंदा नवरात्राच्या सुट्टीत गुरुराजांचा जुना दोस्त हरिप्रसाद बेंगळुरूहून आला. बरोबर बायको वरलक्ष्मी आणि चार वर्षांची लावण्या. हातात एकच दिवस होता.

"सकाळी मोठं देऊळ, मग राजवाडा. जेवून तिरुवैयारुला जाऊ, कावेरीत पाय बुडवू. सांजेला घरचा कोलू, बाहुल्यांची आरास," गुरुराज मला चालवताना म्हणाले. "जमेल का रे?"

"जमव. मधे दोन कॉल आहेत, तेवढं सांभाळ," हरिप्रसाद म्हणाला.

देवळात सगळे खुशीत होते. लावण्या फोटोसाठी जीभ काढून नंदीपुढे उभी राहिली म्हणे. देवळातून निघताच ती माझ्या मागच्या सीटवर आडवी झाली आणि झोपली. वरलक्ष्मीनं तिच्यावर ओढणी टाकली.

राजवाड्यापाशी आलो तेव्हा सावलीतली जागा भरलेली होती. मला उन्हात लावलं. हरिप्रसादचा फोन वाजला, तो बोलतच उतरला. नागलक्ष्मी तिकिटांच्या रांगेकडे धावली, वरलक्ष्मी तिच्यामागे. गुरुराजांनी घाईघाईनं काचा चढवल्या, कुलूप घातलं आणि हरिप्रसादला गाठायला गेले.

मागे कोणी पाहिलं नाही.

मला वाटलं, आत्ता कोणीतरी वळेल. कोणी वळलं नाही. माझं छत तापलं, आतली हवा जड झाली. लावण्या घामानं भिजून उठली. "अम्मा," ती म्हणाली. मग दार ओढू लागली. मागच्या दाराची आतली कडी कधीचीच तुटली होती. तिनं काचेवर हात मारले. बाहेर उत्सवाचा लाउडस्पीकर वाजत होता. माणसं माझ्या आरशात केस नीट करून पुढे जात होती. हळूहळू तिचे हात थांबले. ती सीटवरून खाली घसरली.

एवढी वर्षं मी माणसांचा भार वाहिला. त्या दिवशी एक हाक मारता आली असती तर मी बाकी सगळं सोडून दिलं असतं.

मग नागलक्ष्मी दिसली. अनवाणी पळत होती, साडी हातात धरून. राजवाड्यात बायका आणि पुरुष समोरासमोर आले तेव्हा तिनंच विचारलं होतं, "लावण्या कोठें?" बायकांना वाटलं ती बापाजवळ, बापाला वाटलं ती आईजवळ.

नागलक्ष्मी काचेला डोळे लावून आत बघू लागली. किल्ली गुरुराजांकडे होती आणि ते अजून फाटकाशीही पोचले नव्हते. तिनं रस्त्याकडेचा दगड उचलला. मागची काच फोडली असती तर पोरीच्या अंगावर पडली असती, म्हणून पुढची फोडली, हात घालून दार उघडलं आणि लावण्याला बाहेर ओढलं. शहाळीवाला पाण्याचा कॅन घेऊन आला. डोक्यावर, मानेवर पाणी ओतलं. ती हलेना. मागून धावत आलेली वरलक्ष्मी रस्त्यातच खाली बसली.

"बोल गं कन्ना, बोल," नागलक्ष्मी म्हणत राहिली.

लावण्या ओकली आणि रडू लागली. ते रडणं ऐकून गुरुराजांनी माझ्या बॉनेटवर डोकं टेकलं.

डॉक्टरांनी दुपारभर तिला ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. तिरुवैयारु राहिलं. संध्याकाळी आत कोलूपुढे दिवे लागले, बायका हरभऱ्याच्या सुंडलचा प्रसाद घेऊन येत होत्या. हरिप्रसाद मात्र माझ्या सीटवरचे काचेचे कण बोटांनी वेचत होता. बोटांतून रक्त आलं. गुरुराज केरसुणी घेऊन आले.

"राहू दे," तो म्हणाला. "मज करू दे."

गुरुराज त्याच्याशेजारी बसले आणि तेही वेचू लागले.

आता मला नवी काच आहे, जरा काळपट. आतली कडीही बसवली. माझी काही तक्रार नाही. फक्त एवढंच मागते, पाहुण्यांना गाव दाखवायला न्याल तेव्हा एखादं ठिकाण राहिलं तरी चालेल, पण कुलूप लावण्याआधी मागच्या सीटवरून एकदा हात फिरवा. आम्हा गाड्यांना सगळं दिसतं. सांगता येत नाही.