पांढरी अंगठी

बायको एउलालिया वारल्याचं कळलं, त्या दिवशी पुनो शहरातल्या दवाखान्यातल्या नर्सने सातुर्निनोच्या हातावर तिची लग्नातली अंगठी ठेवली. सोन्याची अंगठी पाऱ्याने चांदीसारखी पांढरी पडली होती. बारा वर्षं तो खाणीतली माती घरी आणायचा. ती त्या मातीत पारा घालून हाताने मळायची आणि सोनं धरलेला गोळा स्वयंपाकघरातच तव्यावर तापवायची. पारा वाफ होऊन तिच्या छातीत जायचा, सोनं तव्यात उरायचं. वाऱ्याने सोनं उडेल म्हणून खिडकी तोच लावून घ्यायचा.

"तापवा की अंगठी, दाजी," घरी आल्यावर मेहुणी निकोलासा म्हणाली. "होईल पिवळी. खिडकी मात्र लावून घ्या हं, सोनं उडेल."

तवा चुलीवरच आहे. अंगठी तापवायची राहिली आहे.