मापाचं पाऊल

“मावशी, श्वास सोडा जरा. पट्टा बसत नाहीये.”

“अंडं घालून परतलेला मका खाऊन आलेय रे. श्वासाला जागा कुठाय आत? तूच पट्ट्याला एक भोक वाढव.”

विल्मेर हसला आणि त्यानं खरंच पट्टा एक भोक सैल केला. तार्खेलियाच्या कमरेवर एक यंत्र बसलं. दुसरं, बटणाएवढं, तिच्या दोन्ही बुटांच्या नाड्यांना आधीच अडकवलेलं होतं. तिसरं विल्मेरनं स्वतः घडवलेलं. त्याचे दोन चपटे डबे त्यानं तिच्या नडग्यांवर ठेवले, आणि चिकटपट्टी तीनदा गुंडाळून तीनदा सोडली.

“घाबरतोस काय? लग्न आहे का तुझं आज?”

“लग्नात निदान जेवण तरी मिळतं, मावशी.”

कुएन्काच्या विद्यापीठात आज तिन्ही यंत्रांची तुलना होती. पळणाऱ्याचं पाऊल जमिनीवर किती टेकतं, अंग किती उसळतं, डाव्या-उजव्यात किती फरक पडतो, हे यंत्रांनी सांगायचं. जे खरं सांगेल ते मुलांच्या संघासाठी घ्यायचं. पहिली दोन परदेशातून आलेली. तिसरं हरलं, तर विल्मेरचं काम बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि खरं काय ते ठरवायचं कशावरून? तार्खेलियावरून.

तार्खेलिया सिंची डोंगरातल्या गावची. तिची आई टोपीचं गवत विणत विणत बाजाराची वाट चालायची. तिथल्या सगळ्याच बायका तशा चालायच्या. पाय अडखळला की वीण अडखळली. पोरीच्या हातात काडी आली, तशी आई मागून गुणगुणू लागली:

सारखं टाक पाऊल, सारखी ओढ काडी बाई,
वाट असो वाकडी, वीण वाकडी होत नाही.

पुढे लग्न झालं, दोन लेकरं झाली, बाजारात टोप्यांचं दुकान झालं. पळायला लागली ती चाळिशी गाठताना, सणाच्या शर्यतीत शेजारणीनं डिवचलं म्हणून. शर्यत काही जिंकली नाही. पण कडेला विद्यापीठातल्या डॉक्टर हिमेना ऑर्दोन्येस उभ्या होत्या, आणि त्यांना ते पाऊल दिसलं. क्विटोच्या मोठ्या प्रयोगशाळेत जमिनीतच मापाची पाटी बसवलेली आहे. तिच्यावरून तार्खेलियाला पळवलं, तर डावं-उजवं जुळ्या बहिणींसारखं निघालं. कुएन्कात तशी पाटी नाही. म्हणून तेव्हापासून नवं यंत्र आलं की हिमेनाबाई म्हणायच्या, “तार्खेलियाबाईंवर घालून बघा.” यंत्राचं आणि तिचं जुळलं नाही, तर यंत्र परत.

“मी बाई वजनाचा दगड आहे तिथला,” ती बाजारात मिरवायची.

“वजन तर दिसतंच आहे!” शेजारणी म्हणायच्या.

पण कॉर्पसच्या सणाला भरणाऱ्या मिठाईच्या जत्रेपासून तिचा डावा खुबा कुरकुरत होता. तिनं पाल्याचे लेप लावले, दुकानात उभं राहणं कमी केलं आणि कुणाला सांगितलं नाही. आयुष्यात तिला पुष्कळ नावं पडली होती. अमक्याची बायको, तमक्याची आई, टोपीवाली. ‘खरं’ या शब्दाशी तिचं नाव जोडलं गेलं ते फक्त या धावपट्टीवर.

आजही ती दात आवळून पळाली. परतली तेव्हा हिमेनाबाई संगणकावर वाकल्या होत्या.

“कमरेचं म्हणतंय, फरक नाही. बुटाच्या नाडीचं म्हणतंय, असून नसल्यासारखा. आणि विल्मेर, तुझं म्हणतंय, यांचा डावा पाय टेकतोय न टेकतोय तोच उचलला जातोय.”

“पट्टी सैल असेल. पुन्हा बांधतो.”

पुन्हा बांधलं. ती पुन्हा पळाली. पुन्हा तेच. तार्खेलियावर संशय घ्यावा हे कुणाच्या मनातही आलं नाही. फूटपट्टीला कुणी मोजून बघतं का?

“बाळा,” हिमेनाबाई हळूच म्हणाल्या, “नसलेला फरक दाखवणारं यंत्र मी मुलांच्या पायांना कसं बांधू?”

विल्मेर गुडघ्यावर बसून तिच्या नडगीची पट्टी सोडवू लागला. “माझंच चुकलं असणार,” तो पुटपुटला. “मावशीचा पाय थोडाच चुकतोय!”

तार्खेलियानं वरून त्याच्या डोक्यावरच्या भोवऱ्याकडे पाहिलं. नुसतं गप्प राहिलं की झालं. पुढच्या यंत्राला पुन्हा तिलाच बोलावणं आलं असतं.

“नको सोडू. असू दे बांधलेलं.”

“आता काय उपयोग, मावशी?”

“तुझा डबा खरं बोलतोय, पोरा. मीच खोटं पळत होते.”

हिमेनाबाईंनी मान वर केली. “कधीपासून?”

“कॉर्पसच्या जत्रेपासून.”

“आणि बोलला नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही यंत्रांना विचारायचात, बाई. माझ्या पायाला कुणी कधी काही विचारलंच नाही.”

बाईंनी संगणक मिटला.

“उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर. आणि मापासाठी...”

“मापासाठी दुसरी बघा,” तार्खेलियानंच वाक्य पुरं केलं. “संघातली ती उंच, वेणीवाली पोर आहे ना, तिला घ्या. जरा उतावळी आहे. होईल शहाणी.”

विल्मेर जिंकला होता, पण तोंड हरल्यासारखं करून उभा होता. “मावशी, माझं यंत्र चुकलं असतं तर बरं झालं असतं.”

“गप रे! चिकटपट्ट्या ओढून ओढून नडगीवरचा केस न् केस उपटलास, आणि आता रडतोस?”

तो हसला, आणि त्याला डोळे पुसावे लागले.

तार्खेलियानं टोपी घातली आणि ती फाटकाकडे निघाली. डावा पाय तिनं आज त्याला हवा तसा पडू दिला. हिमेनाबाईंची चाल वाऱ्याची. बोलता बोलता त्या पुढे निघून जायच्या आणि माणसं मागे राहायची. त्या घाईनं तिच्या शेजारी आल्या आणि सवयीनं दोन पावलं पुढे गेल्या. मग थांबल्या. तार्खेलिया बरोबरीला आली, तसं त्यांनी खाली बघत आपलं पाऊल तिच्या पावलाशी लावून घेतलं. फाटकापर्यंत दोघी तशाच चालत गेल्या. एक पाऊल लांब, एक तोकडं.