वन्संचा पट्टा

ऑर्केस्ट्रा नावाला ताईच्या भावाचा होता, पण चालायचा भावजयीच्या तोंडावर. गाण्याच्याही आणि बोलण्याच्याही. तालीम संपता संपता तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पुढच्या कार्यक्रमापासून स्टेजवर खुर्ची दिसता कामा नये. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं."

स्टेजवर खुर्ची एकच होती आणि तिच्यावर ताई बसायची. ड्रमवाल्याचं स्टूल कुणी खुर्चीत धरत नव्हतं. ताई म्हणजे भावाची थोरली बहीण. ऑर्केस्ट्रा निघाला तेव्हापासून मँडोलिन तिच्याकडेच होतं. त्याची पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी गोल. मांडीवर घेतलं तर छान बसायचं, उभ्याने धरलं की साबणासारखं निसटायचं. हे भावजयीला चांगलं ठाऊक होतं.

ताईने भावाकडे पाहिलं. तो वायर गुंडाळत होता. एक वायर गुंडाळायला माणसाला किती वेळ लागावा!

"बरं," ताई म्हणाली, "मी पट्टा लावून घेते."

"मग मीही येते दुकानात. स्टेजवर शोभायला हवा ना, वन्सं."

वन्सं! घरात कधी साधी हाक नाही, पण टोचायचं असलं की हा शब्द तिच्या जिभेवर हजर.

वाद्यांच्या दुकानात पट्टे भिंतीवर सापांसारखे लोंबत होते. दुकानदार मुळातच त्रासलेला. "मळक्या हाताने ओढू नका," त्याने आल्या आल्या सुनावलं. भावजयीने सगळ्यात रुंद, चंदेरी टिकल्यांचा पट्टा काढला आणि ताईच्या गळ्यात जवळजवळ फेकलाच. तो गिटारचा होता. बक्कल शेवटपर्यंत ओढलं तरी मँडोलिन कमरेच्या खाली लोंबायला लागलं.

"शाळेचं दप्तर!" भावजय खिदळली. "डबा भरून देऊ का?"

"तुझ्या झग्याला लाव तो," ताई म्हणाली. तिने पट्टा काढून काउंटरवर ठेवला आणि स्वतः हुडकायला लागली. नायलॉनचा एक घालून पाहिला, तो खांद्यावरून घसरत होता. शेवटी चामड्याचा एक अरुंद पट्टा सापडला. आतून खरबरीत, त्यामुळे कपड्याला धरून राहणारा, आणि टोकाला ओळीने भोकं. त्याचं एक टोक मँडोलिनच्या बुडाशी असलेल्या खुंटीत अडकलं. दुसरं टोक दुकानदाराने नाडीने वर, तारांच्या खालून, वाद्याच्या डोक्याशी बांधलं.

ताईने डावा हात सोडला. वाद्याची मान लगेच झुकली आणि मँडोलिनचं डोकं जमिनीकडे निघालं. तिने घाईने पकडलं. असं वाजवायचं म्हणजे डाव्या हाताने वाद्य पेलायचं की तारा दाबायच्या?

"असंच होणार," दुकानदार म्हणाला. "मान जिथे पोटाला मिळते तिथे बटण बसवावं लागेल. म्हणजे भोक पाडावं लागेल."

ताईने बोटाने ती जागा चाचपली. या वाद्याला तिने आजवर साधा ओरखडाही पडू दिला नव्हता.

"पाडा हो," भावजय म्हणाली. "जुनंच तर आहे. आणि नाही जमलं तरी काय बिघडणार आहे? की-बोर्डवाल्याकडे मँडोलिनचा आवाज आहे. कालच ऐकला मी, हुबेहूब!"

म्हणजे खुर्ची नको नव्हती, खुर्चीतलं माणूस नको होतं. एवढ्या वर्षांत हिचा सूर चढला की सावरून घेणारं कोण होतं? पण ताईने बोलायला तोंड उघडलं असतं तर तिथेच मारामारीत भिंतीवरचे पट्टे कामाला आले असते.

"पाडा," ती दुकानदाराला म्हणाली. "मी धरते."

ड्रिल घरघरलं. लाकडाचा पिवळा भुसा तिच्या मनगटावर पडला. तिने डोळे मिटले नाहीत. बटण बसलं, पट्टा चढला. मग ती एकेक भोक कमी करत गेली. वाद्य पोटाशी होतं ते बरगड्यांपाशी आलं आणि उजवं कोपर सहज वाकून तारांवर टेकलं. तिने दोन्ही हात सोडले. मँडोलिन जागचं हललं नाही.

"झालं का मिरवून?" भावजय दारातून म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी ताईची जागा एका मोठ्या स्पीकरच्या मागे निघाली. तिच्यासमोर माइकच नव्हता. "माइक कमी पडले," भावाने खाली बघत सांगितलं. भावजयीने पहिलं कडवं संपवलं आणि मँडोलिनचा तुकडा आला तेव्हा की-बोर्डवाल्याला बोटाने खूण केली. त्याच्या पेटीतून पत्र्यावर खिळे पाडावेत तसा आवाज सुरू झाला.

खुर्चीवर असती तर ताई तिथेच धुमसत बसली असती. आता ती वाजवत वाजवत चालायला लागली. स्पीकरला वळसा घालून, वायरी ओलांडून ती थेट भावजयीच्या समोर आली आणि मँडोलिन तिच्याच माइकला भिडवलं. की-बोर्डवाल्याने हात काढून घेतले. दोघी नाकासमोर नाक आणून उभ्या. तुकडा ठरल्यापेक्षा लांबला, कारण ताईने मुद्दाम लांबवला. भावजयीला तोवर हसरा चेहरा धरून उभं राहावं लागलं. टाळ्या पडल्या तेव्हा तिचं हसू ताठरलेलं होतं.

परतताना गाडीत ती म्हणाली, "पुन्हा माझ्या माइकवर आलात तर बघा."

"येणार. तू बघत राहा."

"ताई, अगं..." भावाने सुरुवात केली.

"तू समोर बघून गाडी चालव," दोघी एकदम म्हणाल्या.

पुढच्या कार्यक्रमाला ताईसाठी वेगळा माइक आला. भावजयीनेच तो मांडायला लावला, स्वतःपासून जितका लांब ठेवता येईल तितका, स्टेजच्या अगदी कडेला. पण पुढच्या रांगेत. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर भावाला सांगतात, आणि तो बिचारा दोन्हीकडचे निरोप थोडे मऊ करून पोचवतो.