सत्ती-दुर्रीचा शिकाऊ परवाना

मामा वाहन परवान्याच्या परीक्षा घेतात. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी इतक्या लोकांना नापास केलंय की आमच्या भागात पायी चालणं फार लोकप्रिय आहे. ते माझ्या खोलीत झोपतात. घोरताना पहिला गिअर टाकतात, दुसरा पहाटेपर्यंत टाकत नाहीत.

म्हणून दादाची गॅलरीची खोली रिकामी झाली, तेव्हा ती मला मिळो की मामांना, माझी झोप वाचणार होती. मधे आली ताई. ती कपडे शिवते. तिला तिथे मशीन मांडायचं होतं. आईने फर्मान काढलं: रविवारी दुपारी पोकर, जिंकेल त्याची खोली. लावायला ताईच्या डब्यातली बटणं.

खेळ सोपा. हातात दोन पानं येतात, सगळ्यांसाठी पाच टेबलावर उघडतात. ती खेळायची की टाकायची, एवढं ठरवायचं. पण दर डावाला आधी काही बटणं मधे ठेवावीच लागतात, त्यामुळे नुसतं टाकत बसलेला माणूस झिजतो. नऊ जणांत चांगल्या पानांची वाट बघता येते. आम्ही तिघंच होतो. विसाव्या मिनिटाला ताईने माझा निकाल लावला आणि दोघंच उरले. मी मामांशेजारी जाऊन बसलो.

"राजा-छक्की. नापास," मामांनी पानं टाकली.

पुढे एक्का-चौकी आली. "एक्का ठीक आहे. चौकी बेजबाबदार वाटते. नापास."

"अहो मामा, दोघांत एक्का म्हणजे सोनं!"

"रस्ता रिकामा आहे म्हणून मी कुणाला सोडलेलं नाही."

"सोडूच नका," ताई म्हणाली. ती टेपने गॅलरीच्या खोलीचं दार मोजून आली होती.

मामांकडे अकरा बटणं उरली. मी शेवटचा उपाय केला. "मामा, पक्का परवाना नकोच. शिकाऊ द्या ना पानांना."

मामांनी चष्मा पुसला. "शिकाऊ देता येईल."

"ए, शेजारून सांगायचं नाही हं!" ताई ओरडली.

"शिकाऊ परवाना आहे. शेजारी पक्क्या परवान्याचा माणूस लागतोच," मामा म्हणाले. माझा पक्का आहे. मी त्यांच्या रजेच्या दिवशी परीक्षा दिली होती.

मग मामा सगळंच खेळायला लागले. ताईला वाटलं, हा माणूस खेळतोय म्हणजे हातात दोन एक्केच असणार. ती पानं टाकत गेली. तासाभरात बटणं बरोबरीला आली. शेवटी तिला एक्का-राजा आला आणि तिने सगळी बटणं पुढे सारली.

मामांकडे सत्ती-दुर्री. पोकरमधली सगळ्यात बदनाम पानं. मी त्यांचा गुडघा दाबला.

"भेदभाव चालत नाही," म्हणत त्यांनीही सगळी बटणं लावली.

टेबलावर आणखी दोन दुर्र्या आल्या. तीन दुर्र्यांपुढे ताईचा एक्का-राजा नापास झाला.

मी आनंदाने मामांची गादी गॅलरीच्या खोलीत नेली. मागे वळलो तर मामा माझी गादी घेऊन दारात उभे.

"हे काय?"

"खोली शिकाऊ परवान्यावर मिळाली आहे," मामा म्हणाले. "एकट्याने वापरता येत नाही."

तोवर ताईने माझी रिकामी खोली टेपने मोजून घेतली होती.