उचलून…

पडद्यांचं गिऱ्हाईक खाली खोळंबलं होतं, म्हणून दार नुसतं लोटून ती जिना उतरली. बाळ पाळण्यात झोपलं होतं आणि शेजारी खुर्चीत तिचे वडील, अप्पा, बसले होते. गिऱ्हाइकाने शिवण उलटीपालटी करून पाहिली, गप्पा लांबवल्या. ती परत आली तेव्हा दार सताड उघडं आणि पाळणा रिकामा.

"अप्पा, बाळ कुठंय?"

"उचलून," अप्पा म्हणाले.

"उचलून काय?"

"उचलून… उचलून…"

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. पहिलं क्रियापद सापडायचं, शेवटचं निसटायचं. चहा पिऊन, दार लावून, आणि पुढे नुसते ओठ हलायचे. उचलून ठेवलं? नेलं? टाकलं? त्यांच्या उजव्या हातात तर पेलाही राहत नव्हता.

तिने बाथरूममधली बादली पाहिली, पलंगाखाली पाहिलं. गॅलरीतून वाकून पाहिलं. खाली काही नव्हतं.

"बोला ना, कुठं ठेवलंत?" ती ओरडली. अप्पांनी मान खाली घातली.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, घाई कराल तर येतंय तेही बंद होईल. दोन पर्याय द्या आणि थांबा. ती त्यांच्या गुडघ्यांशी बसली. "उचलून ठेवलं, अप्पा? की उचलून दिलं?"

ती थांबून राहिली. मग, "घेऊन."

"घेऊन आलं कोणी? की घेऊन गेलं?"

"गेली."

गेली. म्हणजे कुणीतरी बाई. पण कोण? समोरच्या दाराला कुलूप होतं. ती धापा टाकत वरच्या मजल्यावर गेली. तिथे राहणाऱ्या नर्सबाईंनी दार उघडलं. बाळ त्यांच्या खांद्यावर पेंगत होतं.

"अगं, रडून रडून लाल झालं होतं," त्या म्हणाल्या. "अप्पा दारात येऊन काठी आपटत होते, म्हणून धावले. तुला फोन लावला, तर तो तुझ्या शिलाई मशीनवरच वाजत होता. बस जरा, पांढरीफटक पडलीयस."

ती बसली नाही. बाळाला घट्ट धरून खाली आली. अप्पा तसेच खाली मान घालून बसले होते.

"मी उगाच ओरडले तुमच्यावर," ती म्हणाली.

"जाऊ दे," अप्पा म्हणाले. न अडखळता, एका दमात.

बाळ पाळण्यात ठेवायचा तिला धीर होईना.