आधी काय कराल?

इलोइलो शहराच्या प्लाझाजवळ एका बेकरीच्या वर मागबानुआ भावंडांचा क्लास चालतो. अमेरिकेची नर्सिंग परीक्षा द्यायला निघालेल्या नर्सेस तिथे शिकतात. इमारतीच्या दर्शनी भागावर फ्लेक्स लटकतो. त्यावर पास झालेल्यांचे हसरे फोटो असतात आणि त्यांच्या गावचे लोक जीप थांबवून ते ओळखतात. फ्लेक्सवर एकही नापास चेहरा जाऊ नये, म्हणून संचालिका पर्पेतुआ मॅमनी नियम केला होता: शेवटच्या सराव परीक्षेत पास होईल त्यालाच क्लासची शिफारस, आणि त्याचाच फोटो फ्लेक्सवर. ओहायोच्या हॉस्पिटलचे लोक मुलाखतीला येत, ते शिफारशीची यादी घेऊनच.

अनालिझा दुमांकास सराव परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती, तर आंतिकेच्या डोंगरातल्या आपल्या जुन्याच वॉर्डात परत जायचं होतं. तिची चूक ठरलेली होती. रुग्णाला काहीही होवो, ती 'डॉक्टरांना बोलवा' या पर्यायावर खूण करायची.

"का गं?" पर्पेतुआ मॅमचे धाकटे भाऊ रोदेलियो सर विचारायचे. शिकवायचं काम त्यांचं होतं.

"सर, आमचे डॉक्टर बोलावलं की आधी जेवण उरकतात, मग मोटरसायकल शोधतात. तोवर माझं तपासून होतं."

वर्ग खिदळायचा. सर हसायचे नाहीत. "परीक्षेतला डॉक्टर दाराबाहेर उभाच असतो. त्याला उगाच हाका मारायच्या नाहीत. आधी काय करायचं?"

"तपासायचं, सर!" सगळा वर्ग ओरडायचा.

शेवटच्या सराव परीक्षेच्या दिवशी सगळ्यांचे मोबाईल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा झाले आणि डबा पर्पेतुआ मॅमच्या टेबलावर गेला. सर बाकांमधून फिरत होते. फिरता फिरता ते पंख्याखालच्या खुर्चीत बसले आणि जबड्याला हात लावून राहिले. पंखा जोरात होता, तरी शर्ट ओला झाला होता.

"सर, बरं वाटत नाहीये का?" पहिल्या बाकावरच्या क्लारिताने विचारलं.

"वाटतंय. लिहा."

वर्गात सगळ्याच नर्सेस. कोणी लिहिलं नाही. क्लारिताने शून्य ते दहामध्ये दुखणं किती ते विचारलं. एरमोहेनेसने नाडी धरली आणि मोठ्याने मोजायला लागला. मागून कोणीतरी सकाळी काय खाल्लं ते विचारलं. हे लक्षण अपेक्षित की अनपेक्षित, यावर दोघींचं जुंपलं.

"डावा हात दुखतो का, ते कोणी विचारलं नाही," सर धापा टाकत म्हणाले. "मार्क कापले असते."

"दुखतो का, सर?"

"दुखतो."

"मग आता कोणाला बोलवायचं का?"

"पुन्हा तपासा," एरमोहेनेस म्हणाला. "बोलवायचं कधी, तो धडा राहूनच गेलाय."

अनालिझा शेवटच्या बाकावरून उठली, सरांजवळ क्षणभर थांबली आणि थेट टेबलाकडे गेली.

"इंदाय, पोरी, डब्याला हात लावलास तर पेपर बाद," पर्पेतुआ मॅम म्हणाल्या. भावाला काय होतंय हे गर्दीमुळे त्यांना दिसत नव्हतं.

"करा बाद, मॅम." तिने झाकण उघडलं, हाताला लागला तो मोबाईल घेतला आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

सर वाचले. आणखी उशीर झाला असता तर वाचले नसते, असं हॉस्पिटलात सांगितलं गेलं. ॲम्ब्युलन्स गेल्यावर उरलेल्यांना दहा मिनिटं जादा देण्यात आली.

पर्पेतुआ मॅम दुसऱ्या दिवशी खरपूस बिस्कोचो टोस्टचा डबा घेऊन अनालिझाच्या खोलीवर आल्या. तिला मिठी मारून रडल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "पेपर मात्र बादच हं, इंदाय. एकीला सूट दिली की सगळे मागतात. पुढच्या तुकडीबरोबर बस. पण तेवढंच. ओहायोवाले त्यानंतर लगेच येतायत."

पुढच्या तुकडीपर्यंत सर परतले होते, अंगाने निम्मे झालेले. आल्या आल्या त्यांनी नवा प्रश्न तयार केला. परीक्षा चालू असताना पर्यवेक्षकाला घाम फुटतो, जबडा आणि डावा हात दुखतो. नर्स आधी काय करील? वर्गाला पर्याय वाचायचीही गरज नव्हती. हा किस्सा खालच्या बेकरीतही पाठ होता. सगळ्यांनी ॲम्ब्युलन्सवर खूण केली.

अनालिझाने 'नाडी पाहील' यावर केली, आणि एका मार्काने नापास झाली.

"अगं, स्वतःचंच उत्तर चुकलीस!" क्लारिता म्हणाली. दहा जादा मिनिटं मिळूनही तीही पुन्हा बसली होती, आणि आता काठावर पास झाली होती.

अनालिझा पेपर घेऊन सरांपुढे उभी राहिली. "सर, उत्तर बरोबर आहे. डब्याकडे जाण्याआधी मी तुमचं मनगट धरलं होतं."

"एरमोहेनेसने धरलं होतं."

"त्याने उजवं. मी डावं. ठोके मध्येच चुकत होते. म्हणून गेले."

"मला आठवत नाही."

"तुम्ही रुग्ण होता, सर."

सरांनी तिच्या हातातला पेपर घेतला. मग प्रश्न पुन्हा वाचला. घाम होता, जबडा होता, हात होता. नाडीचा उल्लेख नव्हता; म्हणजे ती अजून पाहायची होती. त्यांनी पेन घेतलं आणि उत्तरसूचीतलं बरोबर उत्तर खोडून बदललं. वर्गातून एकच ओरडा उठला. सगळ्यांचा एकेक मार्क गेला, क्लारिताचा काठही.

"तोतो!" पर्पेतुआ मॅम धाकट्या भावाला हाक मारत आतून धावत आल्या. "क्लारिताचा फोटो छापून आलाय रे!"

"मग त्यावर हिचा चिकटवा."

ओहायोवाले आले तेव्हा फ्लेक्स वर चढलेला होता. अनालिझाचा फोटो जरा लहान पडला. त्याच्या दोन्ही बाजूंनी क्लारिताच्या वेण्या बाहेर आल्या होत्या, आणि आंतिकेहून आलेल्या जीपमधले लोक आपापसांत विचारत होते की आपल्या पोरीने केस कधी वाढवले.